थांबबाबांचं बल

गोदामाच्या आवारात मुंगीलाही वाट मिळेना इतकी गर्दी होती. समोरून भरलेला ट्रक येत होता आणि त्याच्या वाटेत थांबबाबा तळहात पुढे करून उभे होते. ट्रकचं ब्रेकचं पेडल मुद्दाम सोडवून ठेवलेलं. गॅरेजवाल्याने ते सगळ्यांदेखत दाबून पाहिलं होतं. बाबा "थांब" म्हणाले. ट्रक मुकाट थांबला.

"हे आमचं बल," बाबा म्हणाले. "इंजिनाला कळतं, माणसालाच कळत नाही. मनगटाला आमचा धागा बांधा आणि ब्रेक विसरा."

ट्रक चालवणारा तरुण छाती काढून उतरला; शेजारी बसलेला बाबांचा शिष्य केबिनमध्येच राहिला. बाबांच्या तळहातावरून नजर हलवायची नाही, हा दंडक त्याने तंतोतंत पाळला होता. मनगटावर धागा होताच; उद्या त्याच्याच भरवशावर, खिळखिळ्या ब्रेकांचा स्वतःचा ट्रक घेऊन तो घाट उतरणार होता. म्हणून त्याची ताई, शाळेतली विज्ञानाची बाई, पुढे आली.

"बल किती?"

"अमाप, बाई."

"मापता येतं की. ट्रक पाच हजार किलो. वेग सेकंदाला दहा मीटर, थांबायला लागले पाच सेकंद. म्हणजे दर सेकंदाला वेग दोन मीटरने घटला. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तो पन्नास हजारांनी उतरला. भागिले पाच, दहा हजार न्यूटन. टनभर माल उचलायला लागतं तेवढं बल. तुम्ही ट्रकला तेवढं ढकललंत, तर ट्रकनेही तुम्हाला तेवढंच ढकललं असणार. तुमची तर चप्पलही सरकली नाही."

कोणीतरी फिसकन हसलं.

"चाकं आवळली, म्हणून रस्त्याने ट्रक अडवला. केबिनमधल्या शिष्याने भर उन्हात मांडीवर शाल का घेतलीय? खाली हँडब्रेकचा दांडा आहे."

शिष्याने शाल घट्ट धरली. भावाचा चेहरा आधी उतरला, मग तापला.

"उतर रे खाली," तो शिष्याला म्हणाला. "ताई, मी एकटा आणून दाखवतो."

"वेडेपणा करू नकोस. निदान दांडा तरी ओढ."

"चमत्काराला दांडा लागत नाही."

ट्रक मागे गेला आणि पुन्हा आला. बाबा "थांब" म्हणाले आणि स्वतः मात्र कफनी सावरत बाजूला उडाले. भावाची नजर तळहात शोधत राहिली. ट्रक समोरच्या गोदामाच्या भिंतीत घुसला.

तेच वस्तुमान, तोच वेग, तोच पन्नास हजारांचा संवेग. फक्त पाच सेकंदांऐवजी सेकंदाचा दहावा भाग. पाच लाख न्यूटन. भावाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले.

इस्पितळाच्या दारात शिष्य लोकांना सांगत होता, "श्रद्धा कमी पडली पोराची."

ताईच्या मुठीत कापून काढलेला धागा होता.

"श्रद्धा पुरेपूर होती," ती म्हणाली. "कमी पडला तो वेळ. थांबायला वेळ ब्रेक देतो, तळहात देत नाही." मग ती लोकांकडे वळली. "घरी जाण्याआधी आपापल्या गाडीखाली वाका. ब्रेक बघा. मगच निघा."