कोणाचा वेळ स्वस्त

धाकटीनं बिझनेस इकॉनॉमिक्सला प्रवेश घेतला तेव्हा ते नेमकं काय असतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा वायरमन, आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, दादा बांधकामावर क्रेन चालवणारा. "हे शिकून माणूस होतो काय?" दादानं विचारलं. धाकटीनं कॉलेजचं माहितीपत्रक घडाघडा म्हणून दाखवलं. बँकेत जाता येतं, विमा कंपनीत जाता येतं, मोठ्या कंपन्यांत मालाच्या किमती ठरवणारी माणसं असतात, त्यांच्यातही जाता येतं. "म्हणजे सगळीकडे जाता येतं," बाबा म्हणाले, "आता कोणी आत घेतलं की झालं!" त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव 'शेठ' ठेवलं. काय शेठ, जेवलात का? शेठ, जरा पक्कड द्या. नाव लाडाचं, पण हाक अशी दणदणीत की शेजारचेही दार उघडून बघायचे.

पहिल्याच वर्षी तिनं ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट घरी आणली. एक काम करताना दुसरं जे हातचं जातं, त्याची किंमत. गोष्ट साधी, पण सरांनी वर्गात अशी रंगवली होती की तिला राहवेना. रविवारी सकाळी दूध आणायला कोणी उठायचं, यावरून नेहमीची वादावादी चालली होती. तिनं मध्येच जाहीर केलं, "ज्याच्या वेळेची किंमत सगळ्यात कमी, त्यानं जायचं. त्यात घराचं नुकसान सगळ्यात कमी." सगळे तिच्याकडे बघून हसायला लागले. घरात न कमावणारी ती एकटीच. "वा शेठ!" बाबा पांघरुणातून ओरडले, "स्वतःच्या पायावर धोंडा मारायला कॉलेजात जावं लागतं होय?" तीही हसत हसत पिशवी घेऊन निघाली.

मग तो घरचा खेळच झाला. बिल भरायच्या रांगेत कोण? माळा कोण झाडणार? एकानं विचारायचं, "कोणाचा वेळ स्वस्त?" आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "शेठचा!" खरं सांगायचं तर या खेळानं घराचं भलंच केलं. पूर्वी एकेका कामावरून तोंडं फुगायची. आता 'तू कर' असं कोणाला म्हणावंच लागत नव्हतं. ते गणित म्हणायचं, आणि गणितावर रुसून कोणाचं काय होणार?

ती शेवटच्या वर्षाला असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. शिडीवर नव्हते हेच नशीब. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत शब्दांची जागा असते, घाव तिथंच बसलाय. एक शब्द तेवढा वाचला, शेठ. पाणी हवं, शेठ. कूस बदलायची, शेठ. दुखतंय, शेठ. आईलाही शेठ नि डॉक्टरांनाही शेठ. डॉक्टरांना वाटलं, पेशंट आपल्याला मान देतोय. त्यावर सगळे हसले, आणि हसता हसता आई तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आत्या येऊन राहिली, पण तिलाही तिचा संसार होता. पगारी बाई ठेवून पाहिली. परक्या हातानं बाबा घास घेईनात, ओठ असे मिटून घ्यायचे की चमचा आत जाईल तर शपथ. वर बाईचा पगार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. घरातलंच कोणीतरी दिवसभर हवं होतं.

आणि नेमकी याच वेळी धाकटीला नोकरी लागली. तिच्या वर्गातले निम्मे पॉलिसी विकायला बाहेर पडले, काही जणी बँकेच्या परीक्षांना बसल्या, एक पठ्ठ्या मामाच्या टाइल्सच्या दुकानात गल्ल्यावर बसला आणि म्हणाला, "मीही बिझनेसच करतोय की!" पुस्तकात लिहिलेलं काम धाकटीच्या एकटीच्याच वाट्याला आलं. साबण-टूथपेस्ट करणाऱ्या कंपनीत, पुढच्या हंगामात माल किती खपेल आणि किंमत कितीनं वाढवली की गिऱ्हाईक पळेल, हे काढणाऱ्या विभागात. पण ट्रेनी म्हणून. पगार कसला, चहापाण्यापुरतं विद्यावेतन. वर्षभरानं मात्र कायम करणार होते. सोमवारी हजर व्हायचं, नाही आली तर तिच्या जागी दुसरी. पत्र आलं त्या दिवशी तिनं ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते डाव्या हातानं गादीवर थापा मारत राहिले, शेठ, शेठ, शेठ.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर दादानं विषय काढला. बाबा पलीकडच्या खोलीत, मधलं दार उघडं. दादा वाईट नाही हं, बहिणीच्या फीसाठी जादा पाळ्या केलेला माणूस तो. पण सरळ 'तू थांब' म्हणणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं खेळाचा आधार घेतला. "कोणाचा वेळ स्वस्त?" त्यानं टेबलाकडे बघत विचारलं. या वेळी कोणी काही म्हणालं नाही. "माझा पगार सगळ्यात जास्त," तोच पुढे म्हणाला. "मग आईचा. मग तुझा. नियम तुझाच आहे गं."

आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार काय? "उद्या सांगते," धाकटी म्हणाली.

शनिवारी ती पुस्तक घेऊन गच्चीवर जाऊन बसली, आणि दुपारपर्यंत दादाच्या हिशेबातली चूक तिला सापडली. बाबा आजारी, घर टांगणीला, आणि तरी तिला नाचावंसं वाटलं. संध्याकाळी तिनं दोघांना टेबलाशी बसवलं.

"दूध आणायला अर्धा तास जातो, दादा, तिथं आजचा भाव चालतो. इथं आयुष्य जातंय. मी थांबले तर आजचं विद्यावेतन जात नाही, पुढची सगळी नोकरी जाते. दोन-चार वर्षांनी मला दारात कोण उभं करणार? मग उरलेली सगळी वर्षं मोजायला नकोत का?" तोंडी परीक्षेतही ती इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती. दादा मान हलवून म्हणाला, "पटलं. मग कोणाचं कमी भरतं?"

धाकटीनं हिशेब मांडला होता तो दादाचा नि स्वतःचा. आईचाही मांडायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझं," आई म्हणाली. ती मघाशीच टेबलावरून उठून ताटं पुसायला लागली होती. "मला रिटायर व्हायला राहिलंय किती? सोपं तर आहे. कालपासून उगाच डोकं फोडताय."

आता या आईचं एक सांगायलाच हवं. उभी हयात तिनं सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून बिस्किटांचे पुडे भरले. पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. मागच्या वर्षी तिला लाइनची सुपरवायझर केलं, आणि सुपरवायझरला खुर्ची असते. साधी, लोखंडी, जरा डुगडुगणारी. त्या दिवशी घरी येऊन ती पगारवाढीबद्दल चकार शब्द बोलली नाही. "मी आज बसून काम केलं," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. नंतर कितीतरी दिवस बाबा रोज संध्याकाळी तिला विचारायचे, "काय मग, खुर्ची कशी आहे?" आणि रोज ती लाजून हसायची.

"आई, तसं नाही," धाकटी म्हणाली.

"मग कसं?" आईनं खरंच विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

तिथंच तर घोडं अडलं. गणितात चूक असती तर धाकटीनं काढली असती. पण ते गणित तर आज तिनंच दुरुस्त केलं होतं. 'मी थांबते', एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी घशापर्यंत आले. हा तरी काही बोलेल म्हणून तिनं दादाकडे पाहिलं, तर तो मूग गिळून तिच्याचकडे बघत बसलेला. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं, आणि हायसं वाटतंय हे कळल्यावर तिला रडूच फुटलं. पण रडून झालं तरी ते दोन शब्द काही बाहेर पडले नाहीत.

"शेठ!" आतून हाक आली. तिघंही धावली. बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा डावा हात नाही, नाही असा हवेत हलत होता, डोळे आईवर लागलेले, आणि तोंडातून बाहेर येत होता तो तेवढा एकच शब्द. आईनं त्यांना पाणी पाजलं. पाणी नकोच होतं त्यांना.

सोमवारी सकाळी दादा बाबांपाशी थांबला आणि आई कारखान्यात जाऊन आली. बिनपगारी रजा मिळते का, हे तिनं आधी विचारून पाहिलं. सुपरवायझरची जागा रिकामी ठेवत नाहीत, असं उत्तर मिळालं. मग ती राजीनामा देऊन, तिथं ठेवलेला डबा नि चपला घेऊन घरी आली.

तिकडे धाकटीला विभागातल्या एका बाईंनी तिची जागा दाखवली. काचेच्या भिंतीशी टेबल, कॉम्प्युटर, पाण्याची बाटली. दुपारी आईचा फोन आला.

"जेवलीस का गं?"

"हो. बाबा जेवले?"

"सगळं संपवलं त्यांनी. बरं, खुर्ची कशी आहे?"

"चाकांची आहे," धाकटी म्हणाली. "गोल फिरते."

"अगंबाई!" आई खरंच खूश झाली. "मजा आहे बाई तुझी."

तेवढ्यात फोनमधून लांबून हाक ऐकू आली, "शेठ!" धाकटी 'ओ' म्हणून खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

"आले हो, आले," तिकडे आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.