उन्हात ठेवलेले सेल

"हा आवाज ह्यांचा न्हाई," भिमाबाई म्हणाली. "बंद कर ते."

गोरक्षनाथनं बटण दाबलं. स्पूलच्या दोन्ही चकत्या थांबल्या आणि पारनेरच्या एसटी स्टँडमागच्या त्या चिंचोळ्या दुकानात नुसती पंख्याची घरघर उरली. रेडिओ, टेप दुरुस्त करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, पण असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

"मावशी, टेपमधी जे हाय तेच निघनार. मी काय पदरचं घालतोय व्हय?"

"मग हे कोन किंचाळतंय? आन् मागं झील धरणारी ती मी? ही?"

"तवा तुमी तरण्या हुत्या की."

"तरणी हुते, चिमणी न्हवते!"

गोरक्षनाथ खो खो हसला. प्रवीण मात्र हसला नाही. भिमाबाईचा हा एकुलता एक मुलगा बँकेत शिपाई होता आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईबरोबर आला होता. "असाच असंल गं आबांचा आवाज," तो घड्याळाकडं बघत म्हणाला. "मला तरी कुठं आठवतोय आता? वाजतंय तेवढं कॅसेटवर घे. उद्या जयंती हाय." आणि तो बँकेत गेला.

बोलून गेला बिचारा. पण ते 'कुठं आठवतोय' भिमाबाईच्या काळजात रुतलं. तिचा नवरा सोपान गेला तेव्हा पोरगं पाचवीत होतं. बापाचा चेहरा विसरू नये म्हणून भिंतीवर फोटो होता, पण आवाज कोणत्या खिळ्याला टांगायचा? आणि काय आवाज होता तो! दिवसभर गवंडीकाम करून आलेला माणूस संध्याकाळी गायन पार्टीत उभा राहिला की माईक लागत नसे. शेजारच्या वाडीतली माणसं जेवण टाकून येत. मागं झील धरायला भिमाबाई उभी असायची. तो वर गेला की तिनं खालून धरायचं, इतकं ते ठरलेलं होतं.

दुष्काळाच्या साली पुण्याचे एक प्राध्यापक खांद्याला टेपरेकॉर्डर लावून वस्तीवर आले होते. त्यांनी सोपानची गाणी भरून घेतली आणि जाताना एक स्पूल त्याच्याच हातात ठेवलं. वाजवायला यंत्र कुणाच्या बापाकडं होतं? ते ट्रंकेत लुगड्यांखाली पडून राहिलं. आता जयंतीला बन्शा मंडपवाल्याच्या कर्ण्यावर सोपानचं गाणं लावायचं भिमाबाईनं मनावर घेतलं होतं, पण बन्शाकडं चालायची फक्त कॅसेट. आणि भिमाबाईनं मनावर घेतलं की संपलंच. ती दवाखान्यात आया होती, तिथं डॉक्टरसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. नगरच्या एका दुकानदारानं "आजी, हे जुनं भंगार टाकून द्या," म्हटलं, तेव्हा ती कडाडली होती, "तू तुजा बाप टाकून देतो का रं?" शेवटी गोरक्षनाथनं खरंच भंगारातून एक स्पूलचं यंत्र शोधलं आणि चालू केलं. त्यातून निघालं हे चिमणीचं गाणं.

"मावशी, एक सांगतो," गोरक्षनाथनं बोट दाखवलं. बोटावर टेपची काळी भुकटी होती. "टेप लई कुजलीय. अजून एकदा वाजंल, लई झालं. मंग तुटनारच."

"मग ते एकदा नीट वाजव."

"नीट म्हंजी कसं?"

ते तिला तरी कुठं ठाऊक होतं! ती स्टुलावर बसून राहिली. कोपऱ्यात वापरून फेकलेल्या सेलांचा ढीग होता. बघता बघता ती ताडकन उठली.

"आरं, त्या दिशी सेल उतरले हुते! ते पुण्याचे मास्तर लई कावले. मीच ते सेल पत्र्यावर उन्हात ठिवले, थोडी धुगधुगी आली, मग गानी भरली."

गोरक्षनाथनं कपाळावर हात मारला. "हात् तिच्या मायला! आधी न्हाई का सांगायचं? उतरल्या सेलवर भरलंय व्हय! भरताना चकती सुस्तावली की वाजवताना गानं पळतं. आता हिला सावकाश फिरवायला पायजे." मग त्याचा चेहरा पडला. "पन किती सावकाश? सेल तर गानं सरंस्तवर उतरतच गेले असतील."

"ते मी सांगते," भिमाबाई म्हणाली. "तू फिरीव."

त्यानं मोटारीच्या तारेत एक रेग्युलेटर जोडला, दुसऱ्या बाजूला कोरी कॅसेट लावली. चकत्या फिरल्या. गाणं तळ्याच्या पाण्याचं होतं, पहिली ओंजळ भरून घेण्याचं. भिमाबाईनं डोळे मिटले आणि आपली झील धरली. आवाज आता घोगरा झाला होता, पण जागा तीच होती. किंचाळणारा आवाज तिच्या कितीतरी वर होता.

"उतर," तिनं हातानं खूण केली. "अजून उतर."

गोरक्षनाथ कान देऊन बटण फिरवत होता. आवाज जड झाला, रुंद झाला, आणि एका क्षणी तिच्या झिलीवर बरोबर येऊन उभा राहिला. भिमाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता रडली तर झील सुटेल, आणि झील सुटली तर हा पुन्हा हरवेल. ती गात राहिली. गाणं पळू लागलं की तिचा हात खाली जाई, आणि गोरक्षनाथ त्याला मागं ओढी.

गाणं संपलं. सोपान खाकरला आणि टेपमधूनच म्हणाला, "भिमे, पाणी दे गं." मग टेप तुटलीच.

गोरक्षनाथनं कॅसेट थांबवली. मग हळूच म्हणाला, "हे पान्याचं पुसून टाकू का? गान्यात शोभत न्हाई."

"त्याला हात लावशील तर बघ!" भिमाबाई म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिनं डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाल्यावर बन्शानं कॅसेट लावली. सतरंजीवर प्रवीण आईशेजारी बसला होता. आईनं भरलेला तांब्या जवळ का ठेवलाय, असं त्यानं मघाशी विचारलं होतं. "असू दे," एवढंच ती म्हणाली होती.

कर्णा खरखरला आणि सोपानचा आवाज वस्तीवर पसरला. प्रवीणची मान झटकन वर झाली. तो कर्ण्याकडं बघत राहिला, मग आईकडं. "आई," तो म्हणाला, "हाच. अशाच हाका मारायचे मला."

गाणं संपलं. कर्ण्यातून खाकरणं आलं, मग "भिमे, पाणी दे गं." बायाबापड्या हसल्या. म्हाताऱ्या रंगुबाईनं डोळे पुसले.

भिमाबाईनं तांब्या उचलला आणि प्रवीणपुढं धरला.

"पी," ती म्हणाली. "तुज्या बापानं मागितलंय."