मितालीची साक्ष

मिताली साळवे आणि ईशा पाटोळे एकाच संडे स्कूलमध्ये वाढल्या. दोघींचे आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात नोकरीला म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. दोघींची मराठी सारखीच, अर्धी हिंदीत बुडालेली. फरक इतकाच, की ईशा बोलायला लागली की लोक ऐकत, आणि मिताली बोलायला लागली की कोणाचा तरी फोन वाजायचा.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांसाठी अर्पितभियाने एक कार्यक्रम काढला. चर्चमधल्या तरुणांचा ग्रुप तोच सांभाळायचा. प्रत्येकाने आपल्या विश्वासाची एक साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, ऑनलाइन टाकायची. सक्ती नव्हती. फक्त ज्यांनी टाकली त्यांची नावं रोज सकाळी व्हॉट्सॅपवर यायची, आणि खाली अर्पितभिया लिहायचा, "बाकीचे लोक प्रभूला ओळखतात ना?" पुढे एक हसरा चेहरा.

मितालीचे बाबा म्हणाले, "बेटा, माहौल बघून काम कर. लोक लगेच धर्मांतराचं नाव घेतात. प्रार्थना घरात पण होते." हे कारण ग्रुपवर सांगता आलं असतं. पण आपण घाबरून गप्प नाही, हे मितालीला माहीत होतं. आपलं ईशाइतकं चालणार नाही, म्हणून ती गप्प होती.

ईशाची साक्ष तिसऱ्याच दिवशी आली होती. गच्चीत उभी राहून ती वडिलांची दारू कशी सुटली ते सांगत होती. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. मितालीने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला, कुठे खोट सापडते का ते शोधत. वडील प्यायचे हे खरं होतं. सुटली हेही खरं होतं. खोट सापडेना, याचाच तिला जास्त राग आला. आपल्या घरात कोणी प्यायलं नाही, कोणी मोठं आजारी पडलं नाही. देवाने आपल्याला सांगण्यासारखं दुःखसुद्धा दिलं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली.

तीस दिवस झाले. यादीत नसलेले आता चारच जण उरले होते.

मिताली तुकोगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिथे काउंटरवर बसणाऱ्या शालिनीताई भागवत जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या. जानेवारीत त्यांच्या मुलीच्या, तन्वीच्या, मानेत गाठ आली होती. तपासणीला तुकडा पाठवला त्या दिवशी शालिनीताई जिन्यात मितालीला म्हणाल्या होत्या, "तू प्रार्थना करते ना ग? माझ्या तन्वीसाठी पण कर." मितालीने तिथेच त्यांचा हात धरून केली. आठवड्याने रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. शालिनीताई रडल्या आणि त्यांनी मितालीबरोबर एक फोटो काढला.

तो फोटो मितालीने एकतिसाव्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उघडला. शालिनीताईंचा चेहरा कापला. त्यांचा हात आणि हातातलं मोत्यांचं कडं तेवढं राहू दिलं. मग लिहिलं: माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ताईंच्या मुलीला कॅन्सर होता. आम्ही प्रार्थना केली. आज ती पूर्ण बरी आहे.

'कॅन्सर होता' लिहिताना बोट थांबलं. 'भीती होती' असं लिहून तिने पाहिलं. फार फिकं वाटलं. तिने पुन्हा 'होता' केलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळपर्यंत दोनशे लोकांनी पाहिलं होतं. मग ईशाने ते स्वतःच्या पानावर शेअर केलं: "माझी मिताली, किती गर्व वाटतोय." सकाळी आकडा साठ हजारांवर गेला होता. ईशापेक्षा वीस हजार जास्त. मितालीने लॅबला जाताना स्कूटर सिग्नलवर थांबवून तो पुन्हा पाहिला.

दोन दिवसांनी शालिनीताई सॅम्पलच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"देवासहून माझ्या नणंदेचा फोन आला. कडं ओळखलं तिने. म्हणाली, तन्वीला कॅन्सर झाला आणि आम्हाला बताया तक नहीं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी तुला प्रार्थना करायला सांगितली होती, मिताली. ही गोष्ट लोकांना वाटायला नव्हती दिली."

"ताई, मी आत्ता डिलीट करते."

"कर. पण बातमी तन्वीच्या कॉलेजपर्यंत गेली, मुली तिला उठून जागा देतायत. ते कसं डिलीट करशील?"

मितालीने स्वतःचं काढलं. पण ईशाचं ईशालाच काढावं लागणार होतं. तिने फोन केला, कारण सांगितलं, आणि सांगता सांगता उरलेलंही तोंडातून निघालं. "तुझे चाळीस हजार मला बघवत नव्हते, ईशा. म्हणून केलं."

मग ईशा म्हणाली, "मी तर खुश होऊन शेअर केलं होतं, यार." आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत तिचीही पोस्ट गेलेली होती.

रविवारी मिताली जुनी इंदूरला शालिनीताईंच्या घरी गेली. तन्वीने तिला बसायला सांगितलं नाही. मितालीने माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माझ्याशी नका बोलू. जिथे लिहिलं तिथे लिहा. माझं नाव नाही टाकायचं. पण खोटं होतं, हे लिहा."

मितालीने तिथेच उभं राहून लिहिलं: त्या ताईंच्या मुलीला कॅन्सर कधीच नव्हता. गाठ साधी होती. लोकांनी पाहावं म्हणून मी खोटं लिहिलं, न विचारता लिहिलं. तन्वीने वाचलं, मान हलवली आणि आत निघून गेली.

दुपारपर्यंत एकोणपन्नास लोकांनी पाहिलं. अर्पितभियाने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी यादी आली नाही आणि नंतरही आली नाही. त्याच रविवारी संध्याकाळी ईशाने तो माफीनामा शेअर केला, सोबत एक शब्दही न लिहिता. तेव्हा कुठे आकडा वाढला आणि देवासपर्यंत पोचला. मितालीला सुटल्यासारखं वाटलं. मग, नको असताना, वाटलं की माझी माफीसुद्धा हिच्यामुळेच लोकांपर्यंत गेली.

लॅबमध्ये शालिनीताई कामापुरतं बोलू लागल्या. प्रार्थनेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मिताली मात्र करत राहिली, घरी, कोणाला न सांगता. आधी तन्वीचं नाव घ्यायची, मग ईशाचं. ईशाच्या नावाशी रोज थोडं अडखळायची, आणि मग पुढे म्हणायची.