आणि राजा बसला

मित्रांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की तुमच्या पोटात एक राजा राहतो. त्याची दाढी पांढरी झाली आहे, गुडघे बोलायला लागले आहेत, पण किल्ल्याचे दार काही तो सोडत नाही. तुम्ही त्याला जिवापाड जपता. आणि एके दिवशी कुणीतरी येऊन तुम्हाला फाडकन उघडते आणि तुमच्या राजाच्या पांढऱ्या दाढीला काळा कलप फासते. तुम्हाला कसे वाटेल? मला तसेच वाटले. खरे सांगायचे तर अजूनही वाटते.

मी एका चित्रकथेचा जुना अंक आहे. धर्मापुरीत बंकटकाकांचे केस कापायचे दुकान आहे, तिथल्या खिडकीखालच्या बाकावर माझा मुक्काम असतो. माझ्या पिना गंजल्या आहेत. एका कोपऱ्याला खोबरेल तेलाचा डाग आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाचणाऱ्याच्या बोटांचे डाग म्हणजे अंकाच्या अंगावरचे दागिनेच.

माझा जन्म परळीचा. तिथल्या एका लहानशा छापखान्यात मी शाईतून बाहेर आलो तेव्हा खिडकी उघडी होती. परळीच्या हवेतला, वीजकेंद्राच्या राखेचा एक कण उडत आला आणि ओल्या शाईवर, नेमका राजाच्या दाढीत, चिकटला. मला रेखाटणारे आसाराम गुरुजी शेजारीच उभे होते. चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. छापणाऱ्याने ते पान बाजूला काढायला हात घातला, तर गुरुजी म्हणाले, राहू द्या, या वयात दाढीत काहीबाही अडकतेच. असा मी जन्मापासूनच थोडा म्हातारा.

माझे थोरले भाऊ, म्हणजे आधीचे अंक, फार भाग्यवान. त्यांच्यात राजा भैरवसेन तरुण होता. त्याने सात फण्यांचा नाग एका घावात तोडला, हवेत उडणारी नगरी दोर टाकून खाली ओढली. धर्मापुरीची मुले त्या अंकांवर तुटून पडत. केस कापून झाले तरी बाक सोडत नसत. सुरज आणि अंगद ही कॉलेजात जाणारी दोन पोरे तर बंकटकाकांना भैरवसेनासारख्या मिशा कोरून मागत. अंगदला मिशाच फुटल्या नव्हत्या. काका म्हणत, "आधी पीक येऊ दे बाबा, मग कापणी करू." सुरजने फोनवर 'भैरवसेनाचे मावळे' असा गटही काढला होता. परळीपासून गेवराईपर्यंतची पोरे त्यात होती आणि आसाराम गुरुजी त्यात मोठ्या कौतुकाने उत्तरे देत.

मग मी आलो. माझ्यात राजा म्हातारा झाला होता.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरूनच झाला. काळजिभ्या नावाचा मांत्रिक किल्ल्यावर चालून येतो. त्याची विद्या अशी, की जो त्याच्याकडे पाठ फिरवेल त्याचा जागच्या जागी दगड होतो. सारे सैन्य पळायला वळते आणि दगड होते. उरतो एकटा भैरवसेन. आत किल्ल्यातली लेकरे आणि बाहेर मांत्रिक, अशा दारात तो दिवसभर तलवार घेऊन उभा राहतो. शेवटी त्याचे गुडघे थरथरायला लागतात. आतून राणी हाक मारते, आत या. पण आत जायचे तर पाठ फिरवावी लागणार. शेवटच्या चित्रात राजा दाराच्या उंबऱ्यात मांडी घालतो, तलवार मांडीवर आडवी ठेवतो आणि मांत्रिकाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत राहतो. त्या चित्राखाली गुरुजींनी तीनच शब्द लिहिले होते.

आणि राजा बसला.

त्या तीन शब्दांनी आग लावली. का, ते ऐका. आमच्याकडे तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच झाली होती. निवडणुकीच्या दिवसांत 'बसला' या शब्दाला वेगळाच वास येतो. उमेदवाराने अर्ज मागे घेतला, की गाव म्हणते तो बसला. आणि बसला म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेलाच, कशावर बसला? म्हणजे काय घेऊन गप्प झाला?

सुरजने माझे शेवटचे पान वाचले आणि मला बाकावर आपटले. "बसला म्हणजे काय बे? राजानं अर्ज मागं घेतला का?" दुकानभर हशा पिकला, पण सुरज हसत नव्हता. त्याचा आवडता राजा त्याच्या डोळ्यांदेखत विकला गेला होता. त्या दिवसापासून माझी जी विटंबना सुरू झाली, ती कुठल्या रद्दीचीही होऊ नये. कुणी राजाच्या चित्राखाली 'गद्दार' लिहिले. कुणी 'कशावर बसलास?' असे विचारले. आणि एका दुपारी सुरजने बंकटकाकांच्या वाटीत उरलेला कलप ब्रशवर घेतला आणि माझ्या शेवटच्या पानावर राजाची दाढी काळीभोर करून टाकली. म्हणाला, "आता दिसतोय आपला राजा."

कलप पानात मुरला आणि पलीकडे फुटला. मागच्या पानावरच्या राणीच्या गालावर काळा डाग पडला. मित्रांनो, राजावर राग होता ना? मग राणीने काय केले होते?

आणि मला सांगा, माझे चित्र कुणी पाहिले होते का? तीन शब्द सर्वांनी वाचले. त्या शब्दांच्या वर एक अख्खे चित्र आहे. गुरुजींनी चष्मा पुसून पुसून, दारावरचा एकेक खिळा मोजून काढलेले चित्र! त्याच्याकडे एकानेही नीट बघितले नाही. पुस्तक आवडले नाही तर खुशाल मिटून ठेवा. भांडा त्याच्याशी, हवे तर लिहिणाऱ्याला दोन शब्द सुनवा. पण आधी ते पुरते बघा तरी. अर्धे बघून पुरते रागावणे हा कुठला न्याय?

फोनवरच्या गटात तर कहरच झाला होता. सुरज एकेक संदेश दुकानात मोठ्याने वाचून दाखवी. गेवराईचा कुणी म्हणे, राजाला पुन्हा तरुण करा, संजीवनी वगैरे द्या. दुसरा म्हणे, गुरुजींचेच वय झाले, आता ब्रश खाली ठेवा म्हणावे. गुरुजींनी सगळ्यांना मिळून एवढेच उत्तर दिले, की विचार करतो. ते वाचताना मला वाटले, झाले, आता हे लोक त्या माणसाच्या हातून राजाला खोटा तरुण करून घेणार. सुरजला मात्र तेवढ्याने समाधान नव्हते. त्याने जाहीर केले, की रविवारी संध्याकाळी चौकात या अंकाची होळी करायची, तिचा व्हिडिओ काढायचा आणि गुरुजींना पाठवायचा. हा अंक म्हणजे मी.

तो रविवार उजाडला. सकाळी दुकानात खुर्चीवर सुंदरआबा बसले होते. गावाने त्यांना कितीतरी वर्षे निवडून दिले होते. दर पंधरवड्याला ते दाढी करायला आणि मिशांना कलप लावून घ्यायला येत. त्यांची नात तेजश्री सोबत होती, पाचवीतली. बंकटकाकांनी आबांच्या तोंडाला फेस लावला होता आणि वस्तरा गळ्याशी आणला होता. तेवढ्यात सुरज आणि अंगद मला न्यायला आले.

अंगद माझे पान फडफडवत म्हणाला, "आपल्या तालुक्यात बसायची साथच आलीय बे. राजा बसला, हिकडं आबा..."

आरशात त्याला फेसाआडचे डोळे दिसले आणि त्याची जीभ थांबली. वस्तराही हवेत थांबला. या निवडणुकीत आबांनी अर्ज भरला होता आणि शेवटच्या दिवशी मागे घेतला होता. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. गावाने आपल्या मनाने ठरवून टाकले होते.

पण तेजश्रीने ठरवले नव्हते. शाळेत पोरी तिला डिवचत, तुझा आबा कशावर बसला गं? ती भांडे, रडे, घरी येऊन काही बोलत नसे. आता ती उठली आणि अंगदच्या हातातून मला काढून घेतले. मला वाटले, हीही फाडणार. तिने माझे शेवटचे पान उघडले आणि बघितले. नुसते वाचले नाही, बघितले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सुरजदादा, राजा कुठं बसलाय ते बघितलं का तुमी?"

"कुठं का बसना. बसला न्हवं?"

"उंबऱ्यात बसलाय. आमची आजी उंबऱ्यात बसू देत न्हाई. म्हणती, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडती." तिने राजाच्या पायाशी बोट ठेवले. "यानं वाट अडवलीय. आता मांत्रिक आत कसा जाईल?"

"वलांडून जाईल की," अंगद म्हणाला.

"मांडीवर तलवार हाय. तू वलांडून दाखव."

बंकटकाका खुदकन हसले. सुरजने मान वाकवून माझ्यात पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझे चित्र पाहत होता.

मी सुटलो असे वाटले. पण तेजश्रीचे खरे कोडे मी नव्हतोच. ती मला छातीशी धरून खुर्चीकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत तिने विचारले, "आबा, तुमीबी असंच बसलात ना? कुणाला तरी अडवायला?"

मित्रांनो, त्या क्षणी हो म्हणणे किती सोपे होते. नात खूश झाली असती, गावाचे तोंड बंद झाले असते. आबांनी हाताने वस्तरा बाजूला केला.

"न्हाई बाळा," ते म्हणाले. "राजा वाट अडवून बसला. मी नुसताच बसलो."



"आता होत न्हाई माझ्याच्यानं. अर्ज भरल्यावर सभेत गावातल्या सोमेश्वरला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारली. लोक हासले, मीबी हासलो. घरी येऊन लई घाबरलो. पण मला होत न्हाई, हे सांगायची लाज वाटली. लोक म्हणले आबा विकला. मी म्हणलं, म्हणू द्या. विकला म्हणजे अजून कुणाला तरी विकत घ्यावा वाटतोय."

हे म्हणताना ते हसले. फेसामुळे ते हसू कुणाला दिसले असेल, नसेल. मला दिसले, कारण मी तेजश्रीच्या हातात त्यांच्या अगदी समोर होतो.

तेव्हा मला जो संताप आला, तसा माझ्यावर कलप फासला तेव्हाही आला नव्हता. ही कसली रीत आहे? माणूस विकला गेला हे गावाला लगेच पटते, आणि माणूस थकला हे त्याला उघड सांगता येत नाही? चोर म्हणवून घेणे परवडते आणि म्हातारा म्हणवून घेणे परवडत नाही? राजाने नाग मारला तोवर तो आपला आणि त्याचे गुडघे दुखले की गद्दार? मी कागदाचा आहे, मला आवाज नाही. नाहीतर त्या दिवशी मी भर दुकानात ओरडलो असतो. तुमच्या घरात, शेजारी, शाळेत कुणी थकलेले माणूस असेल, तर ते कशावर बसले असे विचारू नका. त्याला बसायला जागा द्या, एवढेच. जुन्या पुस्तकांनाही तेवढीच पुरते.

अंगदने हळूच विचारले, "मग होळी कवा करायची?"

"थांब बे," सुरज म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला. "आधी पुढचा अंक येऊ दे. उंबऱ्यातून उठतो का न्हाई ते बघू." आणि दारापर्यंत गेल्यावर, राहवले नाही म्हणून, वळून म्हणाला, "पण काहीबी म्हणा, राजानं म्हातारं व्हायला नगं होतं."

खरा चाहता असाच असतो. त्याला मी माफ करायचा प्रयत्न करतो आहे.

ते दोघे गेले. बंकटकाकांनी उरलेली दाढी करायला वस्तरा धुतला. मग, दाढीला हात लावण्याआधी, सवयीने त्यांनी कलपाची पुडी फोडली, वाटी पुढे ओढली आणि आरशातच विचारले, "आबा, कालवू का?"

आबा आरशात स्वतःच्याच मिशांकडे पाहत राहिले.

तेजश्री पुढे झाली. तिने मला आबांच्या मांडीवर उघडे ठेवले, त्यांच्या गालावरचा फेस एका बोटाने निपटून घेतला आणि माझ्या शेवटच्या पानावर, राजाच्या काळ्या दाढीला, पांढरा लावला.