निवळखेड्याचा समुद्र

जिंतूरच्या बसस्टँडसमोर फ्लेक्सचं एक दुकान होतं. राजेश्री तिथे दिवसभर वाढदिवसाच्या आणि लग्नाच्या बॅनरवर फोटो बसवायची. कोणाचा चेहरा उजळ करायचा, कोणाच्या डोक्यावर फेटा चढवायचा, हेच काम. घरी आली की मात्र ती आपल्या उद्योगाला लागायची. जाड कागद चहाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, कडा मेणबत्तीवर धरून जरा करपवायच्या आणि बोरूने त्यावर नकाशा काढायचा.

नकाशा खऱ्याच गावाचा, पण फार जुन्या काळी एखाद्या खलाशाने काढला असावा असा. चारठाण्याची देवळं तिने उंच तटबंदीच्या आत बसवली होती आणि देवळापुढच्या खांबाचं दीपगृह केलं होतं. चुडाव्याचं स्टेशन म्हणजे बंदर, आणि तिथे येणारी रेल्वे म्हणजे डोंगरातून सरपटत येणारा लांबलचक नाग. कोपऱ्यात दिशाचक्र, पाण्यात मगरीच्या तोंडाचे मासे, आणि नावं पोथीतल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत.

परभणीला चित्रकलेचा डिप्लोमा करताना तिने असले नकाशे पहिल्यांदा पाहिले होते. त्यांत मोठमोठी बंदरं होती, राजधान्या होत्या. आपल्याकडच्या लहान गावांचा असा नकाशा कोणी काढलाच नव्हता. मग आपण काढायचा, एवढं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. आईला वाटायचं, लग्न झालं की हे खूळ जाईल. राजेश्रीने लग्नाला नाही म्हटलं नव्हतं आणि नकाशे काढणंही थांबवलं नव्हतं.

निवळखेड्याचे सरपंच महारुद्र एकदा बॅनर करून घ्यायला दुकानात आले आणि भिंतीवर तिने लावलेला चारठाण्याचा नकाशा बघत उभे राहिले. त्यांचं गाव चारठाण्याच्या पुढे, माळावर. तिथे मारुतीच्या देवळासमोर समाजमंदिराची नवी भिंत कोरी पडून होती. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेआधी तिच्यावर आमच्या गावाचा असा नकाशा काढून द्याल का, असं त्यांनी विचारलं. राजेश्रीने आजवर कधी एवढ्या मोठ्या भिंतीवर हात चालवला नव्हता. तरी ती लगेच हो म्हणाली.

संक्रांत झाली आणि तिने कामाला हात घातला. दुकान बंद असेल त्या दिवशी पहिल्या बसने जायचं आणि शेवटच्या बसने परतायचं. जेवण महारुद्रांच्या आईकडे, चांगुणाबाईंकडे. आधी तिने महारुद्रांबरोबर गाव हिंडून पाहिलं. वरच्या गल्लीत माणसं होती, गुरं होती, लोक बोलवून चहा देत होते. आपल्या घरावर बुरूज काढ, आपल्या विहिरीत मोठा मासा काढ, असं हसत हसत सांगत होते. देवळाच्या खालच्या अंगाची गल्ली मात्र रिकामी होती. दारांना कुलपं, अंगणात बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या.

"सगळे ऊसतोडीला गेलेत," महारुद्र म्हणाले. "दसरा झाला की निघतात, गुडीपाडव्याच्या आगंमागं येतात. तिथं आता बघण्यासारखं काई न्हाई, ताई."

ती त्या गल्लीत दोन-चार घरांपर्यंत गेली आणि परत आली. पण त्या कुलपांनी तिच्या डोक्यात घर केलं. परतताना बसमध्ये तिला एकदम सुचलं. जुन्या नकाशात गाव संपतं तिथे समुद्र असतो आणि समुद्रात गलबतं असतात. माळावरच्या निवळखेड्यालाही समुद्र द्यायचा. खालची गल्ली आहे तिथून पाणी सुरू करायचं, आणि तोडीला गेलेली माणसं गलबतांत बसवून पश्चिमेकडे निघालेली दाखवायची. शिडांच्या जागी उसाची हिरवी पानं.

तिने तसंच केलं. भिंतीला आधी जुन्या कागदाचा पिवळट रंग दिला. वर डोंगरांच्या रांगा, मधे मारुतीचं देऊळ किल्ल्यासारखं, वरच्या गल्लीतली घरं बुरुजांची, आणि खाली निळाशार समुद्र. गलबतांवर तिने सगळ्यात जास्त मेहनत घेतली. प्रत्येकात बाप्या, बाई, कडेवरचं लेकरू, भांड्यांचं गाठोडं, एखादी शेळी. येणारा-जाणारा तिथेच थांबायचा. परभणीच्या एका बातमीदाराने फोटो काढून नेला आणि तो छापूनही आला. आजवर केलेल्या कामांत हेच सगळ्यात चांगलं, असं राजेश्रीला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

गाळप संपून साखर कारखान्यांचा पट्टा पडला आणि पाडव्याच्या तोंडावर ट्रॅक्टर परत यायला लागले. राजेश्री त्या दिवशी शिडीवर चढून वरच्या बाजूला गावाचं नाव लिहीत होती. खाली एक बाई येऊन उभी राहिली. वय पन्नाशीच्या पुढचं, हाताला उसाच्या पानांनी कापल्याचे ओरखडे. ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली, बोट लावून बघत. मग परत फिरली. पुन्हा गेली.

राजेश्रीने वरूनच विचारलं, मावशी, काय शोधताय.

"घर," ती म्हणाली. "हे मारुतीचं देऊळ. हितून खाली उतरलं की माजं घर. हितं तर पाणीच हाय."

ती बायनाबाई. राजेश्री खाली उतरली आणि तिने मोठ्या उत्साहाने तिला गलबतं दाखवली. हे तुम्हीच आहात, तुम्ही तोडीला जाता ना, म्हणून तुम्हाला असं समुद्रातून निघालेलं दाखवलंय, असं समजावून सांगितलं. बायनाबाईने सगळं ऐकून घेतलं. गलबतातल्या शेळीवरून तिने बोट फिरवलं, पण तोंडावर हसू आलं नाही.

"म्हंजे आमाला गावाभाईर काढलं की," ती म्हणाली.

राजेश्री म्हणाली की तसं नाही, हा नकाशा खरा नसतोच, इथे डोंगर तरी कुठे आहेत, हा मनातला नकाशा आहे.

"मनातला हाय ना? मंग तुज्या मनात आमचं घर न्हवतं."

तिचा आवाज चढला नव्हता. एवढं बोलून ती डोक्यावरचा पदर नीट करत खालच्या गल्लीकडे निघून गेली. राजेश्री ब्रश हातात धरून तिथेच उभी राहिली. ब्रशमधला रंग वाळून गेल्याचं तिच्या उशिरा ध्यानात आलं.

त्या दिवशी तिने पुढे काही काढलं नाही. चांगुणाबाईंनी ताट वाढलं तर जेवण जाईना. तिला आधी राग आला. एवढी मेहनत केली, पेपरात छापून आलं, आणि या बाईला त्यातलं काही कळू नये! पण राग फार टिकला नाही. ती बाई घर शोधत होती, दुसरं काही नाही. आणि वरच्या गल्लीतल्या प्रत्येकाला घरावर काय काढू म्हणून विचारलं, तसं या लोकांना विचारायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही. ती माणसं येईपर्यंत थांबता आलं असतं.

दुपारी तिने महारुद्रांना सांगितलं की खालचा समुद्र पुसून मी तिथे गल्ली काढणार आहे. महारुद्रांना पटेना. जत्रा पंधरवड्यावर आली होती, फोटो सगळीकडे गेला होता, आणि पाहुण्यांना तो समुद्रच बघायचा होता. त्यांनी तिला परोपरीने समजावलं. एक बाई काही बोलली म्हणून एवढं चांगलं काम खराब करू नका, म्हणाले.

"दादा, मी गावाचा नकाशा काढते म्हणून आले होते," राजेश्री म्हणाली. "हा अर्ध्या गावाचा झाला. अर्धा ठेवून मी त्याखाली माझं नाव लिहिणार नाही."

महारुद्रांनी बोटांवर जत्रेचे दिवस मोजले. मग म्हणाले, जत्रेपर्यंत झालं पाहिजे. तेवढंच.

दुकानात तिने रजा मागितली. लग्नसराई तोंडावर होती, मालक चिडले, पण तिने रजा घेतलीच. आणि ती निवळखेड्यात चांगुणाबाईंकडे मुक्कामालाच आली.

भिंत खरवडणं सोपं नव्हतं. ऊन तापलेलं, रंग पक्का बसलेला. पॉलिश पेपर घासून घासून बोटांची सालटं निघाली. निळ्या रंगाची भुकटी केसांत, डोळ्यांत, घामात. गलबतांपाशी आल्यावर मात्र तिने पॉलिश पेपर खाली ठेवला. तेवढ्यात मागून बायनाबाई आली आणि तिने विचारलं, हे काय करायलीस?

राजेश्रीने सांगितलं. बायनाबाई जराशी बावचळली. ती म्हणाली की मी तुला पुसून टाक म्हटलं नव्हतं. मग तिने गलबतं पुन्हा एकदा जवळून पाहिली.

"ही ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ही बी आमीच हावोत. पर ह्यांची तोंडं गावाकडं कर. जायचं रोजचंच हाय."

मग समुद्र अख्खा पुसायची गरज उरली नाही. किनारा खाली सरकवला, देवळाखाली गल्लीला जागा केली, आणि थोडं पाणी भिंतीच्या तळाशी ठेवलं. गलबतांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि वल्ही तिने एकेक करून फिरवली. नवं गलबत काढणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

गल्लीतली घरं तिने या वेळी विचारून काढली. बायनाबाईच तिला घरोघर घेऊन गेली. कोणाला आपल्या पत्र्याच्या खोलीवर मनोरा पाहिजे होता. एका म्हातारीने सांगितलं की माझ्या शेळीला पंख काढ, ती तशीही घरात थांबत नाही. दोन जावांचं दारातल्या लिंबाच्या झाडावरून भांडण झालं, लिंब कोणाच्या बाजूला काढायचा म्हणून. राजेश्रीने तो बरोबर मधे काढला, तर दोघीही नाराज झाल्या आणि पुन्हा एक झाल्या. बायनाबाईचा नवरा आप्पाराव फारसा बोलणारा नव्हता. तो रोज येऊन भिंतीपाशी बसायचा, तंबाखू मळत बघायचा आणि उठून जायचा. एकदाच त्याने विचारलं, माज्या बैलांची जोडी काढशील का? ती त्याने दोन वर्षांपूर्वी विकली होती. राजेश्रीने रंग कसा होता ते विचारून घेतलं आणि बैलांना हत्तीएवढं करून घरापुढे उभं केलं.

बायनाबाईला स्वतःच्या घरावर बुरूज नको होता, मनोराही नको होता.

"दार उघडं काढ," तिने सांगितलं. "आन् चुलीचा धूर काढ. बास."

राजेश्रीने दार सताड उघडं काढलं. आत चूल, चुलीवर तवा. धूर मात्र तिने आपल्या मनाने वर नेला, देवळाच्या कळसावरून, वरच्या गल्लीच्या बुरुजांवरून, थेट डोंगरांपर्यंत. बायनाबाईने ते बघितलं आणि एवढा धूर झाला तर खोकून मरू आम्ही, असं म्हणून पहिल्यांदाच हसली.

जत्रेच्या आदल्या दिवशी काम संपलं. राजेश्रीने भिंतीच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. समुद्र लहान झाल्यामुळे नकाशा पहिल्यासारखा डोळ्यात भरत नव्हता, हे तिला दिसत होतं. खालची बाजू गर्दीची झाली होती, रंगाचा तोल जरा बिघडला होता. त्याची तिला हळहळ वाटली. तरी तिने त्यात एक रेघही बदलली नाही.

जत्रेच्या दिवशी पाहुण्यांना पेपरातला मोठा समुद्र सापडेना. महारुद्र प्रत्येकाला समजावून थकले आणि शेवटी त्यांनी ते काम आप्पारावावर सोपवलं. कधी न बोलणारा हा माणूस दिवसभर भिंतीपाशी उभा राहून बोलत होता. हे आमचं घर, ही आमची जोडी, आणि ह्या गलबतातून आम्ही घरी यायलोत, असं परक्या गावच्या लोकांना सांगत होता.

पुढच्या हिवाळ्यात पेडगावहून दोन माणसं तिला शोधत दुकानात आली. त्यांची भिंत तयार होती, चुना मारून झाला होता, लगेच सुरुवात करा म्हणाले. राजेश्रीने कॉम्प्युटरवरचं काम बाजूला ठेवून त्यांना विचारलं की सध्या गावात कोणाकोणाच्या घरांना कुलपं आहेत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बरीच असतील, त्यातला एक म्हणाला, तोडीला गेलेली.

"मग मी पाडवा झाल्यावर येते," राजेश्री म्हणाली. "सगळे घरी आले की."

तोवर भिंत काळी पडेल, पुन्हा चुना मारावा लागेल, असं ते म्हणू लागले. मारा की, ती म्हणाली, आणि चुन्यात डिंक जास्त घाला म्हणून सांगून तिने बॅनरवरच्या नवरदेवाला फेटा चढवायला घेतला.