आप्पांनी डोक्यावरून उतरवलेला पटका

मित्रांनो, खुंटीवर लोंबकळणारं हे पिवळट कापड बघून तुम्ही म्हणाल, कुणाचं तरी जुनं फडकं दिसतंय. म्हणा बापडे. पण मी एक जुना पटका आहे आणि एका बापाच्या व त्याच्या लेकाच्या, अशा दोन्ही डोक्यांची ऊब मला ठाऊक आहे.

माझा जन्म बेळगावच्या वडगावात, हातमागावर झाला. सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. निपाणीच्या बाजारात आण्णाप्पांनी मला उचललं, बोटांत चुरगळून पाहिलं आणि दुकानातच डोक्याला गुंडाळलं. निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांची तंबाखूची शेती होती. त्यांच्या डोक्यावर केस नावालाही नव्हता. पण हे त्यांची बायको रुक्माबाई, भरमू न्हावी आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. आमच्याकडे घरचं कुणी गेलं तरच जाणता माणूस बोडक्या डोक्यानं रस्त्यावर दिसतो. एरवी नाही.

मी काय काय केलं म्हणून सांगू! घाम टिपला, सुटलेल्या टोकात भाकरी बांधून नेली, एकदा तर गोठ्यातच सुटलेल्या वासराच्या गळ्यात दावं म्हणून अडकलो. जत्रेला मात्र माझा थाट असायचा. रुक्माबाई मला सोड्यात उकळून, नीळ घालून वाळवायची. धुवून धुवून मी इतका मऊ झालो, की आण्णाप्पा म्हणत, "बाजारात असला पटका आता मिळायचा न्हाय." ऐकून मी फुगून जात असे.

त्यांचा एकुलता एक मुलगा भीमसेन बेळगावात शाळामास्तर होता. टिळकवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचा. बापाचं शेत पुढे कधीतरी त्याच्या वाट्याला येणार होतं, पण बापाचं टक्कल पंचविशीतच आलं. वर्गातली पोरं पाठीमागे त्याला टकलू मास्तर म्हणायची. खानापूरकडचं एक स्थळ जुळत आलं होतं. मुलीच्या बापानं "नवरा पोक्त दिसतो" म्हणून नाक मुरडलं. भीमसेनच्या मनाला ते फार लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्र्याऐंशी साली, तो कुणाला न सांगता मुंबईला गेला आणि डोक्यावर केस लावून घेऊन आला.

नंतर त्याचं पत्र गावी गेलं. आण्णाप्पा मिळेल त्या गाडीनं टिळकवाडीत हजर झाले. पोराचं डोकं बघून ते दारातच थबकले. कपाळावर सूज होती आणि पुढच्या बाजूला खपल्यांचे बारीक बारीक ठिपके दिसत होते.

"ह्ये काय करून घेतलंस रं भीमा?"

"आप्पा, मागचं केस मुळासकट काढून पुढं लावल्यात."

"म्हंजे तरव्यातली रोपं काढून लावणी केली म्हण की!" आण्णाप्पा हसले. मग त्याच्याजवळ बसून त्यांनी सगळं विचारून घेतलं. खपल्यांना नख लावायचं नाही. निजताना उशा रचून डोकं उंच ठेवायचं. डोकं काही महिने बधिर राहील, मग मुंग्या येतील. लावलेले केस आधी गळतील, त्याला घाबरायचं नाही, मुळं आत जिवंत असतात. ऊन आणि धूळ मात्र लागू द्यायची नाही.

पट्टीसाठी भीमसेनला रोज दवाखान्यात चालत जावं लागे. त्यानं एक नवी टोपी आणली होती, ती घट्ट. काढताना खपल्या ओढल्या जात आणि तो कळवळून डोळे मिटून घेई. आण्णाप्पांनी ते पाहिलं आणि मला डोक्यावरून सोडलं.

"कालच तुझ्या आईनं उकळलाय. सैल गुंडाळ. लावणीला सावली लागतीच की."

"आणि तुम्ही, आप्पा?"

"माझं काय रं? माझं रान कवाच पडीक हाय!"

मी भीमसेनच्या डोक्यावर बसलो. आण्णाप्पा वैशाखाच्या उन्हात बोडक्या डोक्यानं बसस्टँडकडे निघाले. दारातून मी त्यांना पाठमोरं पाहिलं. उघड्यावर त्यांना मी पहिल्यांदाच असं पाहत होतो.

पुढचं मला रुक्माबाईच्या तोंडून कळलं. बसमधून उतरून गावापर्यंतची लांब वाट ते भर दुपारी चालत गेले. भेटेल तो विचारी, "आण्णाप्पा, कोण गेलं?" ते हसून सांगत, "कोण न्हाय गेलं बाबा! पटका पोराला देऊन आलोय." घरी पोचले तेव्हा डोळे लाल झाले होते. पाणी मागून ते ओसरीवर आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी ऊन बाधल्याचं सांगितलं. गावानं मात्र वेगळंच सांगितलं. आण्णाप्पानं स्वतःचं सुतक स्वतःच आधी पाळलं, असं बाया कुजबुजत होत्या आणि ते भीमसेनच्या कानावर पडलं. तेव्हा त्याचं डोकं माझ्याखाली थंडगार झालं होतं. भर उन्हाळ्यात!

दहाव्याला नदीवर भरमू वस्तरा घेऊन बसला. बाप गेल्यावर लेकानं डोकं करायचं, ही रीत. धाकटे चुलते मारुतीराव म्हणाले, "भीमा, बस." वस्तरा फिरला असता तर कोवळ्या मुळांचा पार चुथडा झाला असता. भीमसेननं तरीही मला सोडलं आणि मान खाली घालून बसला. त्याला ते डोकं नकोच झालं होतं.

रुक्माबाई तशी कधी पुरुषांच्यात बोलत नसे. त्या दिवशी ती बायकांतून उठून पुढे आली.

"वस्तरा ठेव, भरमू. ह्या डोस्क्याला सावली करून माझा धनी उन्हात गेला. ते डोस्कं तू सोलणार व्हय?"

"वहिनी, रीत हाय," मारुतीराव म्हणाले.

"रीत मी बघून घीन."

मारुतीरावांनी स्वतःचं डोकं करून घेतलं, पण ते पुतण्याशी बोलेनासे झाले. रुक्माबाई घराला कुलूप लावून लेकाबरोबर टिळकवाडीत राहायला आली.

काही दिवसांतच लावलेले केस गळू लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं खरं. पण दुःखात माणसाला कुठलं आठवतं? माझ्या घड्यांत सापडलेले बारीक केस तळहातावर घेऊन भीमसेन म्हणाला, "आप्पांनी परत नेलं." त्यानंतर तो दुपारी खिडकीत बसू लागला. रस्त्यावरून एक बोडक्या डोक्याचा म्हातारा जातो आणि मागे वळून बघत नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा तो "आप्पा, थांबा" म्हणत अनवाणी धावत सुटला. मी त्याच्या डोक्यावरच होतो. रस्त्यावर कुणी नव्हतं. पण खरं सांगू का, मित्रांनो? पुढून वाऱ्याबरोबर तंबाखूचा वास आला आणि तो वास मी चांगला ओळखतो.

त्या दिवशी त्यानं मला भिरकावून दिलं आणि बापासारखं मरायचं म्हणून उन्हात उघड्या डोक्यानं बसून राहिला. रुक्माबाईनं मला उचललं, झटकलं आणि त्याच्या डोक्यावर पदर धरून उभी राहिली. तिचे पाय पोळत होते. बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं आणि तिला आत नेलं.

मग रोज उकळून गार केलेलं पाणी, हलक्या हातानं डोकं धुणं आणि मला सैल गुंडाळणं सुरू झालं. पावसाळा संपता संपता एका सकाळी भीमसेन जेवता जेवता थबकला. "आई, डोस्क्यावरनं कुणीतरी बोटं फिरवतंय." तेव्हा आईचे दोन्ही हात पिठात होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुंग्या त्या ह्याच असतील. रुक्माबाई मात्र एवढंच म्हणाली, "फिरवूदेत." आणि तिनं भाकरी थापली.

हिवाळ्यात केस उगवले आणि वर्षश्राद्धापर्यंत कपाळावर रुळू लागले. मुळं पक्की झाली होती. आता कापले तरी येणार, असं डॉक्टरांनी लिहून कळवलं होतं. श्राद्धासाठी आम्ही गावचं घर उघडलं आणि त्या सकाळी भीमसेन एकटाच नदीवर गेला, भरमूसमोर बसला आणि सगळं डोकं उतरवून घेतलं. ओल्या, गुळगुळीत डोक्यावर त्यानं मला घट्ट बांधलं. आण्णाप्पा बांधायचे तसाच पेच पडला. तो त्याला कुणी शिकवला नव्हता.

घराशी आलो तेव्हा रुक्माबाई चुलीपुढे होती. दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं आणि चटकन उठून डोक्यावर पदर घेतला.

"आलासा व्हय?" ती हळूच म्हणाली. "लई उशीर केलासा."

लेकाला अहोजाहो ती कधीच करत नसे. भीमसेन उंबऱ्यात खिळून राहिला. मग त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "व्हय. आलो." तिनं पाट मांडला. तो बापाच्या जागेवर बसून जेवला आणि ती पदराआड समोर उभी राहिली. ताट उचलल्यावर तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "भीमा, काका आल्यात का बघ जा."

पुढे त्याचं लग्न झालं, केसही पुन्हा वाढले, ती गोष्ट निराळी. मी तेव्हापासून या खुंटीवर आहे. मला कुणी धुवावं, मिरवावं, अशी माझी इच्छा नाही. मित्रांनो, माझं मागणं एकच आहे. कुणी आपल्या डोक्यावरची सावली काढून तुमच्या डोक्यावर ठेवली, तर ती घ्या, जपा. पण त्या माणसाला ऊन उतरेपर्यंत घरात बसवून ठेवा.