डोकं उडालेले बोल्ट

सकाळी शटर वर केलं तेव्हा अभिराजला बेंचखाली बोल्टचं एक डोकं पडलेलं दिसलं. उचलायला वाकला तर दुसरं त्याच्या पलीकडे होतं आणि तिसरं घरंगळत जाऊन भिंतीला टेकलं होतं. बेंचवर आदल्या संध्याकाळी जोडून ठेवलेली ब्रेक डिस्क तशीच होती, फक्त तिच्या तीन भोकांत बोल्टचे नुसते दांडे अडकून राहिले होते.

त्याला काळजी वाटायला हवी होती. पण त्याला बरं वाटलं. आता सापडली, असं तो मनात म्हणाला. कारण ते बोल्ट काल रक्षिताने स्वतःच्या हाताने आवळले होते.

पीण्या औद्योगिक वसाहतीतला हा लहानसा कारखाना अभिराज आणि त्याचा थोरला भाऊ गिरीराज यांनी मिळून उभा केला होता. हौसेने ट्रॅकवर गाड्या पळवणाऱ्यांसाठी ते ब्रेकच्या डिस्क बनवत. साधी डिस्क एकसंध असते. यांची दोन तुकड्यांची: बाहेर बिडाची कडी, आत अॅल्युमिनियमची टोपी आणि दोन्हींना बांधून ठेवणारे दहा बोल्ट. गाडी भरधाव असताना ब्रेक दाबला की सगळा जोर त्या बोल्टांवर येतो.

काविळीचं निमित्त होऊन गिरीराज गेला. घरात सगळ्यांनी, अगदी आई अंबुबाईंनीही, धरूनच ठेवलं होतं की थोरली सून तिचा अर्धा हिस्सा दिराच्या हाती सोपवेल आणि मुलीला सांभाळत घरी राहील. दिवसकार्य उरकलं आणि पुढच्या सोमवारी रक्षिता कारखान्यात येऊन नवऱ्याच्या खुर्चीवर बसली. लग्नाआधी ती गाड्यांचे सुटे भाग तपासायची नोकरी करत होती, त्यामुळे तिला यातलं कळत नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. तेव्हापासून अभिराज कधी एकेरीवर आला नाही की त्याने आवाज चढवला नाही. वहिनी वहिनी करतच तो तिचा पाणउतारा करी आणि ती भावजी भावजी करत तो सव्याज परत करी. कामगार सगळे कन्नड, यांची भांडणं मराठीत. तरी लेथवरच्या शेषगिरीला आता त्यातला शब्द न् शब्द कळायला लागला होता. दोघं समोरासमोर आले की तो काम नसलं तरी मशीन चालू ठेवी.

या नव्या डिस्कच्या बोल्टांवरून दोघांचं केव्हापासून जुंपलं होतं. अभिराजने दहा-नऊ ग्रेडचे सुचवले होते. ताकदीला भरपूर, आणि ताण आला तर थोडे खेचले जातील पण तुटणार नाहीत. रक्षिताने त्याच्या वरचे बारा-नऊ घेतले, जास्त ताकदीचे, जास्त कडक. आपण सुचवले म्हणूनच तिने दहा-नऊ नाकारले याबद्दल अभिराजला शंका नव्हती. मग नटांची पाळी आली. त्याने आत नायलॉनचं कडं असलेले नट आणले होते, धक्क्यांनी सैल होत नाहीत म्हणून. तिने सगळ्यांसमोर एक नट चिमट्यात धरून ज्योतीवर तापवला. नायलॉन वितळून टपटप फरशीवर पडलं. डिस्क याहून जास्त तापते, एवढंच ती म्हणाली आणि चिमटा जागेवर ठेवून निघून गेली.

ते त्याच्या जिव्हारी लागलं. काळे बोल्ट पावसात गंजतात हे निमित्त करून त्याने तिला न विचारता सगळी पेटी झिंक प्लेटिंगला पाठवून दिली. सोन्यासारखे पिवळेधमक होऊन आले. इतक्या कडक बोल्टांना प्लेटिंग करायचं नसतं, केलंच तर नंतर भट्टीत ठेवावे लागतात, ते ठेवले का, असं तिने विचारलं. त्याने हो म्हणून टाकलं. गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून तिने तेच वापरले. पहिली जोडी के. आर. पुरमच्या चंदनकडे परवाच गेली होती, आणि तीन डोकी उडालेली ही डिस्क दुसऱ्या जोडीतली होती.

रक्षिता आली तेव्हा त्याने मूठ उघडून तिला ती डोकी दाखवली. प्लेटिंग वाईट हे ठरवायला तिने बोल्ट मुद्दाम प्रमाणाबाहेर पिळले, असं त्याने सरळ तोंडावर सांगितलं. तिने डोकी निरखून पाहिली. मग म्हणाली, की काल मी गेल्यावर इथे तुम्हीच होतात, सकाळी पहिले आलात तेही तुम्हीच, आणि छिन्नी-हातोडा कुठे असतो ते मला सांगायची गरज नाही. लेथचा आवाज वाढला.

पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. पण रक्षिताने रॅकवरून नवी कडी आणि नवी टोपी काढली, पेटीतून दहा बोल्ट घेतले आणि अभिराजला शेजारी उभं केलं. किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या टॉर्क रेंचवरचा आकडा त्याला वाचायला लावून तिने एकेक बोल्ट आवळला. दहाही झाल्यावर डिस्क बेंचच्या मधोमध ठेवली आणि स्टूल ओढून बसली.

"आता ही इथेच राहील, भावजी. मी उठणार नाही. तुम्हीही उठू नका."

अभिराजने पलीकडे खुर्ची टाकली.

दोघं बसले. फोन आले ते बसल्या जागी घेतले. डबे बेंचवरच उघडले. तिने चपातीचा तुकडा मोडतानाही नजर डिस्कवरून हलवली नाही, आणि ती हलवत नाही म्हणून त्यानेही हलवली नाही. तिच्या कपाळावर घाम होता. गिरीराजच्या घड्याळाचा पट्टा तिच्या मनगटाला मोठा होत होता. ते घड्याळ आईने आपल्याला द्यायला हवं होतं, हे त्याला नव्याने आठवलं. शेषगिरी दोनदा काहीतरी विचारायला आला आणि न विचारता परत गेला.

दुपार कलली तेव्हा टक् असा आवाज झाला. मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. एका बोल्टचं डोकं उडून बेंचवर पडलं, गोल गोल फिरलं आणि थांबलं. डिस्कला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.

दिवसभर समोरच्याला रंगेहाथ पकडायला बसलेल्या माणसांना पकडायला कुणी उरलंच नव्हतं.

रक्षिता पहिल्यांदाच गोंधळली. रेंचच बिघडला असेल, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, जास्त आवळलं जात असेल. चंदनला सांगते, तिथले सगळे स्वल्प सैल करून ठेव म्हणून. तिने फोन उचलला.

अभिराजला प्लेटिंगवाल्याचा तो फोन आठवला. माल तयार आहे, पण आणखी एक दिवस लागेल, भट्टीत ठेवायला हवा, असं तो म्हणाला होता. प्लेटिंगच्या आम्लात बुडवलं की पोलादात हायड्रोजन शिरतो. लगेच भट्टीत ठेवून तो बाहेर काढला नाही तर बोल्ट आतून काचेसारखा ठिसूळ होतो, आणि पोलाद जितकं कडक तितकं हे लवकर. हे अभिराजला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्याला बोल्ट संध्याकाळपर्यंत रक्षिताच्या टेबलावर चमकताना हवे होते. तो नको म्हणाला होता.

आता गप्प बसलं तर सगळं रेंचवर जाणार होतं, म्हणजे तिच्यावर. ते त्याला चाललं असतं. पण चंदन ते बोल्ट थोडे सैल करणार आणि तसाच गाडी चालवणार.

"सैल करून काही होणार नाही," तो म्हणाला. "भट्टीत ठेवलेच नव्हते."

"तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो."

तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला वाटलं आता ती हातातला रेंच फेकून मारेल. ती उठली आणि अवजारांची पेटी भरू लागली. चंदन फोन उचलत नव्हता.

दोघं अभिराजच्या गाडीतून निघाले, कारण रक्षिता त्या दिवशी मेट्रोने आली होती. हेब्बाळच्या पुलाखाली वाहनं हलेनात. रक्षिता पुन्हा पुन्हा फोन लावत होती. शेवटी तो मांडीवर टाकून ती समोर बघत म्हणाली, "मी तुम्हाला नको आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. त्या चंदनने तुमचं काय केलं होतं?"

"दहा-नऊ घेतले असते तर हे झालंच नसतं," अभिराज म्हणाला.

"तेही खरं आहे," ती म्हणाली.

तिने एवढ्या सहज कबूल करावं याचाच त्याला जास्त राग आला. के. आर. पुरम येईपर्यंत ती पुन्हा फोन लावत राहिली.

चंदन मूळचा निपाणीचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या इमारतीच्या तळघरात गाडी उभी होती आणि तिचं इंजिन अजून गरम होतं. फोन घरी राहिला होता म्हणाला, आईला होसकोटेच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो, आत्ताच आलो. अक्का, अण्णा, चहा घ्या, असं म्हणत तो हसतच पुढे आला. अभिराजने जॅक लावला आणि डावं पुढचं चाक काढलं. दोन बोल्टांची डोकी नव्हती. एक चाकाच्या आतल्या कडेत सापडलं. दुसरं होसकोटेपासून इथपर्यंत रस्त्यात कुठेतरी पडलं असणार.

चंदनचा चेहरा पार उतरला. आई बाजूला बसली होती, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने विचारलं, "हे बोल्ट कुणी निवडले?"

हेब्बाळपासून अभिराजच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते खोटंही नव्हतं.

"वहिनींनी," तो म्हणाला.

"हो, मी निवडले," रक्षिता म्हणाली.

ती एवढंच बोलली. पुढचं, प्लेटिंगचं, ती आता बोलेल म्हणून अभिराज थांबला. ती बोलली नाही. चंदन मात्र बोलू लागला. गिरीअण्णांच्या नावावर मी विश्वास टाकला, म्हणाला. त्यांच्या माघारी तुम्हाला जमत नव्हतं तर धंदा बंद करायचा होता. आईला काही झालं असतं तर तुम्ही काय तोंड दाखवणार होतात? तो आवाज न चढवता बोलत होता आणि एकेक शब्द लागेल असा निवडत होता. वॉचमन येऊन कोपऱ्यात थांबला होता. रक्षिता पेटीला हात लावून उभी राहिली आणि तिने सगळं ऐकून घेतलं.

हेच ऐकायला अभिराज दोन वर्षं थांबला होता. आता ते दुसऱ्याच्या तोंडून येत होतं, तरी त्याला त्यात काही चव लागेना. ती आपल्याला पाठीशी घालते आहे असं त्याला वाटलं, आणि त्या कल्पनेनेच त्याच्या अंगाची आग झाली. हिचे उपकार आणि आपल्यावर.

"प्लेटिंग मी करवून घेतलं," तो म्हणाला. "भट्टीत न ठेवता. ठेवले म्हणून यांना खोटं सांगितलं."

चंदन मग म्हणाला, माझ्या जुन्या डिस्क तिथे खोक्यात आहेत, त्या बसवा आणि तुमचं सामान घेऊन जा. परत इकडे येऊ नका.

ते काम त्यांनी केलं. अभिराजने डिस्क धरली, रक्षिताने चाकाचे नट आवळले. ती आकडा म्हणे, तो वाकून वाचून 'सरी', म्हणजे बरोबर, म्हणे. चंदन हाताची घडी घालून पूर्ण वेळ उभा होता आणि शेवटी त्याने प्रत्येक नट स्वतः पुन्हा तपासला.

परतीच्या वाटेवर रक्षिता म्हणाली, "तुम्हाला वाचवायला मी गप्प बसले असं वाटलं असेल, तर तसं नाही. माझी चूक जेवढी होती तेवढी मी सांगितली. तुमची तुम्ही सांगता का, ते बघत होते."

"आणि नसती सांगितली तर?"

"तर उद्या वकिलाकडे गेले असते."

ती मेट्रो स्टेशनपाशी उतरली. त्याने थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं नमुने घेऊन बेंचपाशी बसले. दहा-नऊ ग्रेडचे बोल्ट, आम्लात न बुडवता लावायच्या करड्या लेपाचे, आणि सबंध धातूचे, नायलॉन नसलेले नट. दोघांनीही तेच उचलले आणि हे एकमत दोघांनाही आवडलं नाही. डिस्क जोडून कित्येक दिवस टांगून ठेवली, तापवून पाणी मारून पाहिली. काही तुटलं नाही. पण चंदनने ट्रॅकवरच्या मित्रांना सगळं सांगितलं होतं, आणि ठरलेली कामं एकेक करून परत गेली. शेषगिरीला अर्धा दिवस काम उरलं.

अंबुबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी दोघांना यशवंतपूरच्या राहत्या घरी समोर बसवलं. वाटणी करून मोकळे व्हा म्हणाल्या, मला माझ्या डोळ्यांदेखत हे बघवत नाही. अभिराज म्हणाला, वहिनींनी जावं. रक्षिता म्हणाली, भावजींना जायचं असेल तर मी अडवणार नाही. अंबुबाई उठून आत गेल्या. अभिराज वरच्या मजल्यावर जेवायला गेला, रक्षिता खाली आपल्या स्वयंपाकघरात. सकाळी दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी पीण्याला निघाले, आणि आधी कोण पोचतो ते बघत दोघांनीही गाडी जरा जोरातच काढली.